सुगंधाला कोणी डागलं नव्हतं

घरात कोणाला ताप असेल, पाच दिवस उलटून गेले असतील, मलेरियाच्या तपासणीत काही निघालं नसेल आणि टायफॉइडचं औषध लागू पडत नसेल, तर पुढचं वाचण्याआधी एक करा. त्या माणसाला उजेडात बसवा आणि त्याचं अंग नीट बघा. काखा, जांघा, छातीखालची घडी, परकराची नाडी बसते ती जागा, कानामागे, केसांत. लाज बाजूला ठेवा. कुठे वाटाण्याएवढी काळी खपली दिसली, न दुखणारी, विडी टेकवल्यासारखी, तर ती डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले की भाजलं असेल, तर पुन्हा दाखवा.

मी स्वतः डॉक्टर आहे आणि एका बाईच्या पोटावरची अशी खपली बघून मी ‘डागलंय’ म्हणाले होते. ती बाई गेली. पुढे त्याच आजारात मी पडले आणि वाचले. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आधीचं थोडं

माझं माहेर महाडचं, सासरही महाडचंच. वडील शाळामास्तर होते. नव्वदच्या दशकात, लग्नाआधी, मी लडाखमध्ये एका संशोधन तुकडीत काम केलं. उंचावर गेल्यावर माणसाच्या फुप्फुसांचं काय होतं, हा आमचा विषय. मैदानातला धडधाकट जवान घाईने वर नेला की एखाद्याच्या फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. चहूकडे कोरडी थंड हवा, आणि माणूस आतल्या आत बुडत असतो. खोकल्यातून गुलाबी फेस येतो. यावर खात्रीचा उपाय एकच, त्याला लवकरात लवकर खाली उतरवायचं.

मी अशा खाटांशेजारी बसून दर अर्ध्या तासाला आकडे लिहायची. श्वास किती, नाडी किती, ओठांचा रंग कसा. एकदा साताऱ्याकडचा एक जवान धापा टाकत मला म्हणाला, “मॅडम, लिहून झालं का?” मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसले आणि पुढचा आकडा लिहिला. तो वाचला, खाली गेला, नंतर त्याचं पत्रही आलं. पण तो प्रश्न त्याने का विचारला होता, हे मला फार उशिरा कळलं.

लग्नानंतर महाडला परत आले. नवरा मोहन इथल्या कोर्टात वकिली करतो. मुलगी झाली, मुक्ता. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी पुन्हा संशोधन सुरू केलं, या वेळी तापांवर. पाऊस सरला की पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून दरवर्षी काही माणसं तापाने फणफणलेली खाली आणली जात. काहींचा मलेरिया निघे, काहींचा लेप्टो. काहींचं काहीच निघत नसे आणि ती मरत. त्या ‘काहीच नाही’चा शोध घ्यायचा मी ठरवलं. दोन खोल्यांची प्रयोगशाळा, एक सूक्ष्मदर्शक आणि रक्ताचे नमुने ठेवायला एक फ्रीजर. मला वाटायचं, उत्तर त्या फ्रीजरमध्ये आहे. तसं ते होतंही.

सुगंधा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवरात्र संपलं होतं. कुडपण गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, पाच-सहा घरांची. तिथून सुगंधाला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं, मग जीपने पोलादपूर, तिथून महाडच्या सरकारी रुग्णालयात, जिथे तापाचे रुग्ण मी तपासायची. चोविशीची असेल. गवत कापायच्या दिवसांत आईला मदत करायला माहेरी आली होती. आठ दिवस ताप. डोळे लाल, बोलणं असंबद्ध, श्वास उथळ.

तपासताना पोटावर, बेंबीच्या डावीकडे, मला ती काळी खपली दिसली. आमच्या भागात पोट दुखलं, कावीळ झाली की विळा किंवा बिब्बा तापवून डाग देतात. लहान मुलांच्या पोटांवर असे डाग मी खूप पाहिले होते. पाहिलं की माझं डोकं फिरायचं.

बाहेरच्या व्हरांड्यात सुगंधाची आई हिराबाई उभी होती. जरा पलीकडे सुगंधाचा नवरा आणि सासरा, घाटाच्या पायथ्याच्या गावाहून आलेले. मी दारातूनच विचारलं, “पोटावर डाग कोणी दिला?”

हिराबाई म्हणाली, “कोनी नाय दिला, बाय. आपसूक आलाय तो.”

“डाग आपसूक येत नसतो.”

“नाय वो. मी खरां सांगतेय. ताप यायच्या आदी लालसार पुळी होती. मंग काळी झाली. आमी नाय डागली तिला.”

“खोटं बोलू नका. तुमच्या या डागण्यापायी पोरी मरतात आणि मग आमच्याकडे आणून टाकता.”

व्हरांड्यात दहा-बारा माणसं तरी होती. सगळ्यांनी ऐकलं. सासऱ्याने हिराबाईकडे पाहिलं, ते मला आजही दिसतं. हिराबाई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून बसली.

सुगंधा तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मागे दीड वर्षाची मुलगी. मी माझ्या फॉर्मवर लिहिलं, ‘पोटावर डागल्याची खूण’, आणि तिच्या रक्ताचा नमुना फ्रीजरमध्ये ठेवला.

माझा ताप

मृत्यूची माहिती घ्यायला आठवड्याने मी वाडीवर गेले. ही माझ्या कामाची रीत होती: घर पाहायचं, पाणी कुठलं, गुरं कुठे, उंदीर किती. हिराबाई दाराबाहेर आली नाही. मी शेजारच्यांशी बोलत बराच वेळ खळ्यातल्या गवताच्या भाऱ्यावर बसले होते. वारा छान सुटला होता. कोणीतरी ताक आणून दिलं.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. डोळ्यांच्या मागून कोणी पहार लावून कवटी उचकटतंय असं. संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरली.

मी स्वतःचं रक्त काढून स्वतःच तपासलं. मलेरिया नाही. मोहनला म्हणाले, “व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल.” चौथ्या दिवशी मी मुक्ताला ‘आई’ अशी हाक मारली. ती घाबरून आजीकडे पळाली. पाचव्या दिवशी मोरीत तोंड धुताना पडले.

मोहनने मला गाडीत घातलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. “तुला कोणी सांगितलं होतं डोंगरात फिरायला?”

लडाखमध्ये एकटी होते तेव्हा धोका माझ्यापुरता होता. इथे घरी सात वर्षांची मुलगी होती.

वॉर्ड

मला ज्या खाजगी रुग्णालयात ठेवलं, तिथले डॉक्टर पेठे माझे जुने परिचित. तीन खाटांची खोली, मधली खाट माझी.

डॉक्टर म्हणून वॉर्डात वावरणं आणि खाटेवर पडून वॉर्ड बघणं यांत फार फरक आहे. सकाळ फिनेलच्या वासाने व्हायची. मग थर्मामीटर. मग चहा, जो मला पोटात ठरत नव्हता. मग अंग पुसायला शेवंतामावशी. ही आया पन्नाशीची, बिरवाडीकडची, हाताने खरखरीत आणि बोलण्याने त्याहून. मग पेठ्यांची फेरी. ते माझ्या पायथ्याशी उभे राहून मोहनशी बोलत. मी तिथे असताना माझ्याबद्दल ‘यांना’ म्हणत. “यांना आज थोडं कमी वाटतंय.” मीही असंच करत आले होते. कोणी मला कधी सांगितलं नव्हतं की खाटेवरून ते कसं ऐकू येतं.

खिडकीतून एसटी स्टँडवरच्या घोषणा ऐकू यायच्या. पोलादपूर, खेड, श्रीवर्धन. त्या ऐकून मी वेळ ओळखायची. सातव्या दिवशी त्या बंद झाल्या. मी मावशीला विचारलं, “आज संप आहे का?” तिने काहीतरी उत्तर दिलं, तेही मला कळलं नाही. गाड्या नेहमीसारख्या सुटत होत्या. माझेच कान गेले होते.

दोन प्रकारची इंजेक्शनं चालू होती. ताप हलत नव्हता. रोज सकाळी वाटायचं, आज उतरेल, आणि दुपारी काटा परत तिथेच.

माझ्या डाव्या खाटेवर एक म्हातारी होती, मधुमेहाने पाय सडलेला. तिचा मुलगा रोज तिला मऊ भात भरवायचा. एक दिवस तिने त्यातला एक घास माझ्याकडे बोट दाखवून मला द्यायला लावला. गेल्या दोन दिवसांत पोटात राहिलेलं ते पहिलं अन्न. दोन दिवसांनी ती खाट रिकामी झाली. मावशीने चादर बदलली.

पाणी

आठव्या दिवशी सकाळी मी श्वास घेतला आणि छातीच्या तळाशी एक आवाज झाला. केसांची बट कानाशी धरून बोटांत चोळली तर जसा येतो तसा. बहिऱ्या कानांनाही तो आतून ऐकू आला. तो मी शेकडो छातींवर ऐकला होता.

माझ्या फुप्फुसांत पाणी भरत होतं.

पुढे काय काय होणार, ते मला क्रमाने माहीत होतं. आधी आडवं झोपता येणार नाही. मग वाक्य पूर्ण होणार नाही. मग नखं निळी होतील. दुसऱ्या कोणाला हे टप्प्याटप्प्याने कळतं. मला सगळं एकदम कळलं. ज्ञानाने धीर येतो म्हणतात. मला त्या दिवशी कळलं की ज्ञानाने फक्त भीतीला तपशील मिळतो.

दुपारी ऑक्सिजनचा मास्क लावला. मी माझे श्वास मोजायला लागले, सवयीने. मोजता मोजता मला त्या साताऱ्याच्या जवानाचा प्रश्न आठवला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला म्हणायचं होतं, लिहून झालं असेल तर आता माझा हात धरा.

आणि मनात सारखं एकच घोळत होतं. तिथे माणसाला खाली उतरवता यायचं. महाड म्हणजे खाडीकाठचंच गाव. इथून मला खाली कुठे उतरवणार?

पेठे आणि मोहन दाराशी बोलत होते. मुंबईला हलवायचं की नाही. मोहनचा आवाज चढलेला होता, ते त्याच्या हातांवरून दिसत होतं. पेठे मान हलवत होते. नंतर मोहनने सांगितलं की पेठे म्हणाले, हायवेवर वाटेतच काही झालं तर मी काय करू शकणार आहे?

त्या दिवशी मोहनने मुक्ताला आणलं. आत आणू नका असं सांगितलं होतं, कारण आजार कोणता हेच माहीत नव्हतं. ती दारात उभी राहिली, शाळेच्या गणवेशात, आजीचं बोट धरून. मी हात हलवला. तिने हलवला नाही. ती माझ्याकडे नाही, मास्ककडे बघत होती. मला वाटलं, हीच तिची माझी शेवटची आठवण राहणार. मी तोंड फिरवलं, कारण मला रडताना श्वास पुरत नव्हता.

शेवंतामावशी

नवव्या दिवशी सकाळी अंग पुसताना मावशीने माझा डावा हात वर केला. एरवी ती भराभर पुसायची. त्या दिवशी थांबली. खाली वाकून काखेत पाहिलं. मग माझ्या तोंडाजवळ येऊन, मला ऐकू जावं म्हणून ओरडून विचारलं,

“बाई, ह्यो डाग कोनी दिलाय तुमाला?”

तिचे ओठ मी वाचले. काय विचारलं ते कळलं. पण मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने पुन्हा विचारलं, “डाग! काखंत! कोनी दिला?”

मी खुणेने आरसा मागितला. नर्सच्या टेबलावर एक छोटा गोल आरसा होता, तो तिने आणून काखेशी धरला. आत काळी खपली होती. वाटाण्याएवढी, भोवती लालसर कडा. दुखत नव्हती. मला कोणी डागलं नव्हतं.

हिराबाई खरं बोलत होती.

मला आधी तीच आठवली, आजाराचं नाव नंतर. व्हरांडा, तोंडाला लावलेला पदर. मग पुस्तकातलं एक पान आठवलं, विद्यार्थी असताना वाचलेलं. स्क्रब टायफस. गवताझुडपांतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिसवेसारख्या किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. चावतो तिथे काळी खपली. हिमालयाच्या पायथ्याशी होतो, सैनिकांना होतो, आपल्याकडे नसतो, असं आम्हाला शिकवलं होतं. आपल्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

“पेठ्यांना बोलवा,” मी म्हणाले. मावशीला मास्कमधून कळलं नाही. मी मास्क काढला आणि ओरडले. त्याने इतकी धाप लागली की पेठे आले तेव्हा माझ्या तोंडातून तुटक शब्दच निघत होते. सुगंधा. डागलं नव्हतं. खोटं नव्हतं.

मोहनने माझं डोकं धरलं. “झोप. काही बोलू नकोस.” मग पेठ्यांकडे वळलेले त्याचे ओठ मी वाचले, “ही बरळतेय.”

मी हातानेच कागद मागितला. अक्षर लहान मुलासारखं आलं. आजाराचं नाव लिहिलं, औषधाचं नाव लिहिलं आणि हात वर करून काख दाखवली.

पेठ्यांनी खाली वाकून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाले, “पुस्तकात आहे. पण इथे मी कधी पाहिला नाही.”

“मी पाहिलाय,” मी म्हणाले. “ती मेली.”

दुसरा कोणी असता तर आपला अभिमान सांभाळत बसला असता. पेठे खुर्चीवर बसले, माझी सगळी नोंद पुन्हा वाचली आणि स्वतः खाली औषधाच्या दुकानात गेले. नेहमीचीच कॅप्सूल ती, मुरुमांवरसुद्धा देतात. महाडच्या कुठल्याही दुकानात मिळते. सुगंधा होती तेव्हाही मिळत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. बारा दिवसांत पहिल्यांदा मला घाम आला. मोहनने पंख्याच्या वाऱ्यात माझी उशी पालटली आणि पलीकडे तोंड करून खिडकीपाशी उभा राहिला. लोकांना वाटतं, त्या क्षणी खूप आनंद होत असेल. मला एवढंच वाटलं की तिसऱ्या दिवशी ती गेली होती, आणि तिसऱ्या दिवशी मी घामाने भिजून इथे आहे.

घरी

घरी आले तेव्हा जिना चढायला चार वेळा थांबावं लागलं. केस मुठीने गेले. उजव्या कानाने ऐकू यायला लागलं, डाव्याने आजही येत नाही. फुप्फुसांत पाणी आटलं तिथे वण राहिले.

मुक्ता माझ्या भांड्यातून पाणी प्यायची नाही. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. जेवताना ती ताट थोडं लांब सरकवून बसायची. पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी तिने माझ्या ताटातली कैरीची फोड उचलून तोंडात टाकली. मी उठून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

सासूबाईंच्या मनात मला जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं होतं. “अंगातलं सगळं निघून जाईल,” म्हणायच्या. आयुष्यभर मी असल्या गोष्टींना नाक मुरडलं होतं. या वेळी गेले. काही निघून गेलं नाही, पण गरम पाण्यात बसल्यावर पहिल्यांदा सांधे सैल पडले आणि सासूबाईंनी माझ्या पाठीवर पाणी घातलं. त्यांनी मला हात लावायची ती पहिलीच वेळ असावी.

मोहन आणि माझ्यात बरेच दिवस बोलणं कमी झालं होतं. एकदा मी म्हणाले, प्रयोगशाळेत जाऊन येते. तो म्हणाला, “जा. मी नको म्हटलं तर थांबणार आहेस का?” त्यात राग कमी होता, थकवा जास्त. मग तोच गाडी घेऊन आला, आणि मी काम संपवेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसला.

फ्रीजरमधून मी सुगंधाचा नमुना काढला. तपासणीला बाहेर पाठवला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तिला तोच आजार होता. आणखीही काही जुने नमुने तसे निघाले, ज्यांच्या फॉर्मवर मी ‘कारण अज्ञात’ लिहिलं होतं. ते फॉर्म मी पुन्हा वाचले. त्यातल्या दोघांच्या फॉर्मवर ‘भाजल्याची खूण’ अशी नोंद होती. माझ्याच अक्षरात.

पुढच्या हंगामापासून आमच्या भागातले डॉक्टर खपली शोधायला लागले. काही माणसं वेळेत आली, कॅप्सूल घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. काही उशिरा आली. लोक मला शोधाचं श्रेय देतात. शोध शेवंतामावशीने लावला, आणि तिच्याही आधी हिराबाईने.

वाडीवर

बरी झाल्यावर सहा महिन्यांनी मी वाडीवर गेले. मोहन पोलादपूरपर्यंत आला, पुढे मी एकटी जाणार म्हणून हट्ट धरला आणि जागोजाग बसत वर चढले.

हिराबाई अंगण सारवत होती. मला पाहून उठली नाही. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. काखेतली खूण दाखवली. मग म्हणाले, “तुम्ही खरं सांगत होतात. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.”

ती सारवतच राहिली. मान वर न करता म्हणाली, “औषध होतां मंग?”

“होतं.”

“वाचली असती?”

डॉक्टर अशा वेळी ‘सांगता येत नाही’ म्हणतात. मी म्हणाले, “बहुतेक वाचली असती.”

तिने शेणाचा हात बादलीत धुतला. “मला ठाव होतां आमी नाय डागली. पन लोकांनी इतक्या येळा बोलून दावलां, मंग मलाच वाटाया लागलां, झोपंत कवा डागली की काय.”

तेव्हा तिच्याकडून मला उरलेलं कळलं. तेराव्याला सुगंधाच्या सासऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, डॉक्टरणीनेच सांगितलंय, आईने डागून मारली. नात त्यांनी ठेवून घेतली. हिराबाईला दारात उभं करत नव्हते. एकदा ती जत्रेत मुलीला लांबून बघायला गेली, तर तिला हुसकून लावलं.

“चला,” मी म्हणाले. “आत्ता चला माझ्याबरोबर. मी त्यांना सांगते.”

ती आत गेली, लुगडं बदलून आली. आम्ही दोघी डोंगर उतरून त्या गावात गेलो.

सासरा ओटीवर बसला होता. जावई भिंतीला टेकून. घरात त्याची दुसरी बायको आली होती, तीही दाराआडून ऐकत होती. मी रिपोर्ट दाखवला, खूण दाखवली, जे व्हरांड्यात बोलले होते ते चुकीचं होतं असं तीन वेळा सांगितलं. शेजारची माणसंही जमली. मला तेच हवं होतं.

सासऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, तवा तुमी सांगितलांत, तां आमी ऐकलां. आता तुमी येगळां सांगताय. उद्या तिसरां सांगाल. आमी किती येळा ऐकायचां?”

मी जावयाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, “जाऊं दे, आबा. आयेला पोर बघूं दे.”

आतून मुलगी आणली. दोन-अडीच वर्षांची, डोळे थेट सुगंधाचे. हिराबाई ओटीखालीच बसली आणि हात पुढे केले. “ये गो. मी तुजी आयेची आये.”

मुलगी नव्या आईच्या पदरात शिरली. हाका मारल्या तशी आणखी घट्ट धरून रडायला लागली. हिराबाईने थोडा वेळ हात तसेच धरले, मग मांडीवर ठेवले. “रडवूं नका तिला,” म्हणाली. “मी येन परत.”

“या,” जावई म्हणाला.

परतताना मोठा रस्ता सोडून मी तिच्याबरोबर चढाची वाट धरली. तिला घरापर्यंत पोचवावं असं मला वाटत होतं, पण दहा मिनिटांत माझा श्वास संपला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी एका दगडावर बसले आणि हाताने तिला खूण केली, तुम्ही जा.

ती गेली नाही. चार पावलं वर, वाटेच्या कडेला उभी राहिली. मी माफी मागितल्याला तिने दिवसभरात काही उत्तर दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उठले की ती चालायची. मी थांबले की ती थांबायची. अशा तऱ्हेने आम्ही वर पोचलो तेव्हा दिवस कलला होता.